तेवढं पान कोरं ठेव

देवा, रात्रीचा दीड वाजून गेलाय आणि मला झोप नाही. तुला हाक मारायची तर कोणत्या नावाने, हेही ठरत नाही. नाटकात होतो तेव्हा हे सोपं होतं. पडदा उघडण्याआधी नारळ फुटायचा, आम्ही वाकून रंगमंचाला हात लावायचो आणि तोच हात कपाळाला. रंगदेवतेला अभिवादन व्हायचं, तिसरी घंटा व्हायची. घरी आई तुला विठोबा म्हणायची. आज ज्यांच्यासाठी मागायला बसलोय ती माणसं स्पेनची. ती तुला ‘दियोस’ म्हणत असतील. सगळ्या नावांना तू ओ देतोस असं लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा नुसतं देवा म्हणतो.

संध्याकाळी नातीने लॅपटॉपवर एक जुना स्पॅनिश सिनेमा लावून दिला. ती सिनेमाचाच काहीतरी कोर्स करते. ‘आजोबा, हा तुमच्यावरच आहे,’ म्हणाली आणि निघून गेली. ‘एल व्हियाहे आ निंगुना पार्ते’ असं त्याचं नाव. कुठेच न जाणारा प्रवास. 1986 चा सिनेमा. फेर्नांदो फेर्नान गोमेस नावाच्या नटाने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला, आणि त्यात म्हाताऱ्या नटाचं कामही त्यानेच केलेलं. आधी ती रेडिओवरची मालिका होती, मग 1985 मध्ये कादंबरी झाली, मग सिनेमा. स्पेनमध्ये गोया नावाचे सिनेमाचे पुरस्कार 1987 मध्ये सुरू झाले, आणि त्या पहिल्याच वर्षी उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा ही तिन्ही बक्षिसं याला मिळाली. हे सगळं तुला ठाऊक असणार. पण माझी सवयच अशी, की कुणाची शिफारस करायची तर आधी त्याची ओळख करून द्यावी.

तर देवा, तुझ्यापुढे मी इनिएस्ता-गाल्व्हान नाटक मंडळी आणून उभी करतो. बघ. पाच-सहा माणसं, हातात पेट्या, पायाखाली स्पेनच्या मधल्या पठारावरचा रस्ता. दोन्ही बाजूंना काही नाही. झाड असलंच तर एखादं. काळ यादवी युद्धानंतरचा, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीचा. घराघरात शिधापत्रिका, आणि ती 1952 पर्यंत सुटली नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी ही मंडळी चालत जातात, एखाद्या कॅफेत टेबलं सरकवून जागा करतात आणि रात्री प्रयोग लावतात. जेवण मिळालं तर जेवतात. प्रेक्षक आले तर नाटक, न आले तर पुन्हा पेट्या.

त्यांच्यापुढे उभा ठाकलेला शत्रू कोण, तर सिनेमाचं यंत्र घेऊन गावोगाव फिरणारा एक माणूस. तोही फिरस्ताच. त्याच्याही पोटाची हीच तऱ्हा. मला त्याचा राग येईना. आमच्या कंत्राटदारांनाही मी शत्रू समोर आल्यासारखा चेहरा करून हिशेब मांडताना पाहिलंय: समोरच्या मैदानात ऑर्केस्ट्रा आहे, आपलं बुकिंग बसलं. पण एक फरक आहे. एका डब्यातला सिनेमा दहा गावांना पुरतो, त्याला भूक लागत नाही आणि त्याचं भांडण होत नाही. नटाला दहा गावांत दहा वेळा उभं राहावं लागतं.

यातला कार्लोस गाल्व्हान हा मधल्या पिढीचा. त्याचा बाप दोन आर्तुरो, जुन्या खर्जाचा नट. त्या देशात थोरल्यांच्या नावाआधी ‘दोन’ लावतात, आपल्या ‘राव’सारखं. आणि मुलगा कार्लितोस, सतरा वर्षांचा, दूर गालिसियात वाढलेला. बापाने त्याला फारसं पाहिलंही नाही, आणि एक दिवस पोर मंडळीच्या दारात येऊन उभं राहतं. खाणारं एक तोंड वाढलं, तर त्याला काम दिलंच पाहिजे. अशा नाटकांत एक ठरलेलं पात्र असतं, अंगाने घोडा झालेलं पण लहान पोरासारखं वागणारं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘सांगोलोतीनो’ म्हणतात. त्या जागेवर याला उभा करतात. पोराला काही येत नाही. उच्चार गालिसियन, हात कुठे ठेवावेत कळत नाही, आणि नट व्हायची इच्छा तर मुळीच नाही. आजोबा आणि बाप दोघं मिळून त्याला शिकवतात तेव्हा मी हसलो, आणि हसता हसता माझ्या मुलाची आठवण झाली. त्याला मी एकदा बालनाट्यात ससा केला होता. तो स्टेजवर जाऊन रडला आणि आयुष्यात पुन्हा नाट्यगृहाच्या पायऱ्या चढला नाही. आज बँकेत अधिकारी आहे. बरंच झालं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तक्रार करायची, हे मी अजून नक्की केलेलं नाही.

देवा, एक प्रसंग तुला मुद्दाम दाखवायचा आहे. एका गावात सिनेमावाले शूटिंगला येतात. गावातल्या लोकांना गर्दीत उभं करायचं असतं. मंडळीतल्यांनाही काम मिळतं. दोन आर्तुरोला बोलायलाही मिळतं, अगदी थोडं. आणि म्हातारा ते असं बोलतो, की जणू समोर हजार माणसांचं नाट्यगृह आहे आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे. दिग्दर्शक सांगतो, हळू, साधं बोला. म्हातारा पुन्हा गर्जतो. पुन्हा सांगतात, पुन्हा गर्जना. त्याला खरोखर कळत नाही की आपलं काय चुकतंय. साठ वर्षं घासून घासून कमावलेला आवाज, आणि आता तोच आवाज काढून ठेव म्हणतात. कसा काढायचा? आवाज म्हणजे काय डोक्यावरचा फेटा आहे?

फेर्नान गोमेसने हे काम स्वतः केलं. सिनेमात सगळं आयुष्य गेलेला हा माणूस. कॅमेऱ्यापुढे किती कमी बोलावं हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? 1973 च्या ‘एल एस्पिरितू दे ला कोल्मेना’ या सिनेमात तो मधमाश्या पाळणारा गप्प बाप आहे. तिथे तो बोलत नाही म्हणून आपण त्याच्याकडे बघत राहतो. त्याने मुद्दाम, मापून, न जमणाऱ्या माणसाचं काम केलं. आणि एकदाही त्या म्हाताऱ्याला हास्यास्पद केलं नाही. आपण हसतो. तो हसत नाही.

तेव्हा मला आपला नटसम्राट आठवला. बालगंधर्व. देवा, त्यांना तू चांगला ओळखतोस. त्यांच्या प्रयोगाला तू गर्दीतून तिकीट काढून बसत असशील. गंधर्व मंडळी कर्जात होती, बोलपट आले होते, आणि प्रभातने त्यांना ‘धर्मात्मा’त घेतलं, 1935 मध्ये, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली. ज्यांच्या शालूच्या निऱ्यांवर महाराष्ट्र जीव टाकायचा त्यांना संत एकनाथ केलं. दाढीमिशा, पुरुषाची भूमिका आणि समोर ते काचेचं डोळ्याएवढं भिंग. रसिकांचा ‘वन्स मोअर’ नाही, तबलजीशी नजरानजर नाही. त्यांचं मन तिथे रमलं नाही आणि ते परत नाटकाकडे आले. लोक म्हणतात, हा हट्ट. मी म्हणतो, मासा किनाऱ्यावर श्वास घेत नाही याला कुणी हट्ट म्हणतं का?

असो. मी स्पेनच्या लोकांसाठी मागायला बसलो आणि आपल्या घरात शिरलो. म्हाताऱ्याचं असंच होतं.

त्यांच्याकडे या फिरत्या नटांना फार जुनं नाव आहे: ‘कोमिकोस दे ला लेगुआ’. लेगुआ म्हणजे आपल्या दोन कोसांपेक्षा थोडं कमी अंतर. परवानगी असलेल्या मोठ्या मंडळ्यांनी शहरात खेळ करायचे, आणि या बाकीच्यांनी शहरापासून एवढं अंतर राखून. वेशीबाहेर. हा शब्द वाचला आणि मनात काय काय उठलं, ते तुला सांगायला नको. वेशीबाहेर कुणाला ठेवायचं याचा हिशेब आपल्याकडेही चोख आहे. तमाशाच्या फडातल्या बायकांना विचार.

1603 मध्ये आगुस्तीन दे रोहास व्हियान्द्रान्दो नावाच्या नटाने एक पुस्तक लिहिलं, ‘एल व्हियाहे एन्त्रेतेनिदो’. तोही असाच भटकलेला. त्याने फिरत्या मंडळ्यांच्या आठ जाती सांगितल्या आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. सगळ्यात खालच्या पायरीवर ‘बुलुलू’. बुलुलू म्हणजे एकटा एक नट. पायी चालत गावात येतो, थेट पाद्र्याच्या घरी जातो आणि सांगतो, मला एक नाटक पाठ आहे. पाद्री न्हाव्याला बोलावतो, देवळाच्या सेवेकऱ्याला बोलावतो. हा एका पेटीवर चढतो आणि सगळं नाटक एकटाच म्हणतो: आता नायिका येते आणि असं असं बोलते, आता नायक येतो आणि असं असं. मग पाद्री टोपी फिरवतो. चार नाणी, पावाचा तुकडा, थोडं सूप. आणि पुढच्या गावाची वाट.

त्याच्यावरच्या पायरीवर ‘न्याके’, म्हणजे दोघे जण. ते अंगावरच्या कपड्यांतच झोपतात, उघडेच चालतात आणि उपाशी असतात. रोहास लिहितो, की उन्हाळ्यात ते गव्हाच्या शेतात बसून उवा मारतात, आणि थंडीत गारठ्यामुळे त्यांना उवा चावल्याचंही कळत नाही. हे चारशे वर्षांपूर्वीचं. लिहिताना त्याला हसू येत होतं, हे ओळीओळीत दिसतं. नटांचं दुःख नटानेच लिहावं देवा. दुसऱ्याने लिहिलं की त्याला दया येते आणि सगळं बिघडतं.

त्या बुलुलूसाठी मी आधी मागतो. तुझ्या दारात तो पहिला गेला होता, म्हणजे तुझ्या पुजाऱ्याच्या दारात. तुझ्या पुजाऱ्याने त्याला हाकललं नाही. खेळ बघायला न्हाव्याला बोलावलं. नाटकवाले आणि तुझी देवळं यांचं नेहमीच जमलं असं नाही, हे आपण दोघेही जाणतो. फ्रान्समध्ये 1673 मध्ये मोलिएर हा नट-नाटककार गेला तेव्हा त्याला पवित्र जमिनीत पुरायला तुझे लोक तयार नव्हते, आणि राजाने मध्ये पडून रात्रीच्या अंधारात त्याला पुरायची सोय झाली. आमच्याकडेही नाटकात गेलेल्या मुलाचं पंगतीतलं ताट निराळं मांडलेलं पाहिलेली माणसं मी पाहिली. पण माद्रिदमध्ये तू एक चांगली गोष्ट केलीस. तिथल्या आतोचा रस्त्यावर सान सेबास्तियान नावाचं चर्च आहे. त्यात नटांची स्वतःची देवी आहे, नुएस्त्रा सेन्योरा दे ला नोव्हेना, नऊ दिवसांच्या प्रार्थनेची माउली. एका नटीचं दुखणं या मूर्तीपुढे नऊ दिवस प्रार्थना केल्यावर बरं झालं, अशी आख्यायिका. आणि 1631 मध्ये नटांनी तिच्या नावाने आपली मंडळी स्थापन केली. एकमेकांच्या आजारपणाला, एकमेकांच्या मयताला उभं राहायला. लोपे दे व्हेगा, ज्याने शेकडो नाटकं लिहिली, 1635 मध्ये याच चर्चमध्ये पुरला गेला. वेशीबाहेरच्यांना शहराच्या मधोमध एक कोपरा मिळाला. नऊ दिवस म्हणजे आपली नवरात्रच की!

त्या देवीपुढे कुणी पिवळं नेसून जात असेल का? स्पेनच्या नटांना रंगमंचावर पिवळा रंग चालत नाही, अपशकुन. आणि प्रयोगाआधी ते एकमेकांना शुभेच्छा देतात त्या ऐकण्यासारख्या आहेत: भरपूर लीद पडो! कारण म्हणे पूर्वी प्रेक्षक घोडागाड्यांतून यायचे. दारापुढे जितकी लीद जास्त, तितकं हाउसफुल्ल. मला हे फार आवडलं. तुझ्याकडे यश मागायचं तर ते असं मागावं, साफ करायला दुसऱ्या दिवशी झाडूवाला लागेल असं.

फेर्नान गोमेस स्वतः वाटेवरच जन्मलेला. त्याची आई, कारोला, नटी. दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना 1921 मध्ये पेरूच्या लिमात हा झाला, आणि जन्माची नोंद पुढच्या मुक्कामी, ब्वेनोस आयरेसमध्ये. त्यामुळे आयुष्याचा मोठा भाग तो कागदोपत्री अर्जेंटिनाचा राहिला. स्पेनचा नागरिक झाला तो साठी उलटल्यावर. त्याचा बापही नटच, पण त्याने पोराला नाव दिलं नाही. बापाकडची आजी म्हणजे मारिया गेरेरो, स्पेनची नाटकातली राणी. तिच्या नावाचं नाट्यगृह आजही माद्रिदमध्ये आहे. नातवाच्या कागदावर मात्र तिचं आडनाव नाही. त्याला वाढवलं आईच्या आईने. या माणसाने बापाला ओळखत नसलेल्या पोराची गोष्ट लिहिली तेव्हा त्याने काही शोधून काढलं नाही. ते त्याच्या पेटीत होतंच.

2007 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये, रंगमंचावर, त्याला लोकांच्या दर्शनाला ठेवलं. 1583 पासून त्या जागेवर नाटकं होत आली आहेत. शवपेटीवर लाल-काळा झेंडा होता. अराजकवाद्यांचा, ज्यांना धनीही नको आणि देवही नको. आता देवा, तुझ्यापुढे हा पेच आहे. ज्याला तू नको होतास त्याची शिफारस मी तुझ्याकडेच करतोय. पण तू नटांना ओळखतोस. आमच्यात नास्तिक बरेच. तरी विंगेत उभा असताना पहिल्या प्रवेशाआधी हात जमिनीला लावून कपाळाला न लावणारा मी एकही पाहिला नाही. त्याचंही काही असंच असेल. नसेल तर त्याला तसाच राहू दे. त्याने तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, मी मागतोय.

आता मुख्य मागणं.

सिनेमात हे सगळं आपल्याला कार्लोस सांगतो. तो म्हातारा झालाय. साल 1973, एका वृद्धाश्रमात तो राहतो, आणि एक डॉक्टर त्याच्याशी बोलायला येतो. कार्लोस आठवणी सांगतो. वाटा, गावं, सोडून गेलेली माणसं. एकेक करून सगळे गळत जातात, मंडळी मोडते, तो माद्रिदला येतो. आणि इथून पुढे तो सांगायला लागतो, की आपल्याला सिनेमात मोठं नाव मिळालं. हळूहळू आपल्याला कळतं, तसं काही झालेलं नाही. डॉक्टर ते कुठेतरी लिहून घेतो, हलक्या हाताने तपासून बघतो. तो वाईट माणूस नाही. तो आपलं काम करतोय.

पण तुझ्याकडेही एक लिहिणारा आहे, देवा. चित्रगुप्त. त्याची वही डॉक्टरच्या कागदांपेक्षा मोठी आणि त्याची नजर डॉक्टरपेक्षा कोरडी. कार्लोस तिथे पोचला असेल, तर त्याचं नाव वाचून दाखवताना तो म्हणेल: या माणसाने खोटं सांगितलं. अमुक पुरस्कार, अमुक सिनेमा, टाळ्या, सगळं खोटं. तेव्हा देवा, तू मध्ये बोल. चित्रगुप्ताला म्हण, तेवढं पान कोरं ठेव. म्हण, की हा माणूस सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शब्दांत बोलला. रोज नवं नाटक, रोज नवी पाठांतरं. कुणीतरी लिहिलेलं, कुणीतरी दिलेलं. शेवटी एकदाच त्याने आपलं आपण लिहिलं, आपणच त्यात काम केलं, आणि प्रेक्षक म्हणून एक डॉक्टर बसवला. तेही फुकट.

तू म्हणशील, खोट्याला कोरं पान का द्यायचं? खरं मागणाऱ्यांचीच रांग इतकी मोठी आहे.

सांगतो. पण त्यासाठी मला अकोल्याला जावं लागेल.

आधी अजून एक सिनेमा, तोही स्पेनचाच. 1954 चा, ‘कोमिकोस’. हुआन आन्तोनियो बारदेम दिग्दर्शक. त्याचे आईवडील दोघेही नट, तोही फिरत्या मुक्कामांच्या घरातला. आज हावियेर बारदेम हे नाव जगाला माहीत आहे, त्याचा हा मामा. या सिनेमात आना रुईस नावाची एक तरुण नटी आहे. फिरत्या मंडळीत छोट्या छोट्या कामांवर दिवस काढते. आगगाड्या, लॉजेस, दुसऱ्याचा पदर सांभाळणं. आणि मग एका रात्रीपुरती तिला मुख्य भूमिका मिळते. फक्त एक रात्र. नात म्हणाली होती, दोन्ही सिनेमे जोडीने पाहा. मी हा आधी पाहिला, मागच्या आठवड्यात. त्या एका रात्रीच्या टाळ्या ऐकताना माझे हात गार पडले.

कारण ती रात्र मी गेली वीस-बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. माझी म्हणून.

अकोल्याला आमचा प्रयोग होता. मी त्या नाटकात हवालदार होतो; दुसऱ्या अंकात एकदा येतो, तिसऱ्यात एकदा, एकूण नऊ वाक्यं. नाइटचे पैसे ठरलेले, बसमध्ये शेवटची सीट ठरलेली. दुपारी मुख्य नटाला ताप भरला, इतका की त्याला उभं राहवेना. कंत्राटदार डोक्याला हात लावून बसला. मला ती भूमिका पाठ होती. मला सगळ्यांच्या भूमिका पाठ असायच्या. दौऱ्यात दुसरं करायचं तरी काय? मी जाऊन सांगितलं, मी उभा राहतो. मला कपडे घालायला लावले. कोट मला सैल होता, पाठीमागे चार टाचण्या लावल्या. मी रंगपटात बसलो, तोंडाला रंग लावला, आणि आरशात त्या माणसाकडे बघितलं. पहिली घंटा झाली.

नातीला मी पुढे असं सांगतो: दुसरी घंटा, तिसरी घंटा, पडदा, आणि शेवटी अख्खं नाट्यगृह उभं राहिलं.

खरं असं झालं, की पहिल्या घंटेनंतर प्रयोग रद्द झाला. लोक जाहिरातीतल्या नावासाठी आले होते, आणि माझं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. पैसे परत दिले. मी रंग पुसला, टाचण्या काढल्या आणि त्या डब्यात मोजून ठेवल्या. चार होत्या. रात्री बस नागपूरच्या वाटेला लागली. कुणी काही बोललं नाही. चांगली माणसं होती. मूर्तिजापूरला चहा प्यायलो.

आता देवा, मला त्या टाळ्या ऐकू येतात. खरोखर येतात. डावीकडच्या बाल्कनीतून कुणीतरी शिट्टी मारली, ती सुद्धा. मी शपथेवर सांगू शकतो की ती ऐकली. म्हणून कार्लोसचं मला समजतं, आणि म्हणून मी त्याच्यासाठी मागतो. तो फसवत नव्हता. ती रात्र होणार होती. रंग लावून बसला होता तो. मग ती रात्र आली नाही, तर ती कुठे गेली? इतकी तयार झालेली रात्र, कपडे-टाचण्या-पाठांतरासकट, अशी हवेत विरत नाही. ती कुठेतरी आपल्याआपल्यात चालूच राहते. चित्रगुप्ताच्या वहीत जे घडलं त्याचा जमाखर्च असतो. जे जवळजवळ घडलं, त्याचं खातं कुणाकडे आहे? तुझ्याकडे असेल तर ते उघड. तिथे बुलुलूचं नाव असेल, दोन आर्तुरोचं असेल, गालिसियातल्या त्या पोराचंही, ज्याला नट व्हायचंच नव्हतं. चिमूटभर जागा मला दे, हवालदाराच्या रांगेत.

स्पेनच्या जुन्या नाट्यगृहांत प्रॉम्प्टर विंगेत नसायचा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, जमिनीत एक खड्डा आणि त्यावर शिंपल्यासारखं झाकण. त्याला शिंपलाच म्हणतात. प्रॉम्प्टर त्यात बसून वर बघतो. त्याला नटांचे बूट दिसतात, मोज्यांना पडलेली भोकं दिसतात, आणि त्याचा आवाज फक्त नटाला ऐकू येतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही. तू तिथेच बसतोस, अशी माझी आता खात्री झाली आहे. वर कुठे गाभाऱ्यात किंवा आभाळात बसलास तर तुला आमचे पाय कसे दिसणार?

उद्या साडेदहाला नात येणार आहे. कॉलेजला एक छोटा माहितीपट करायचाय, म्हणाली. मोबाइल स्टँडवर लावून तासभर बोलायचं. काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. खरं सांगितलं तर त्या चार टाचण्या तिला आवडतील. ती हुशार आहे, तिला ते जास्तच आवडेल. न सांगितलं तर ते टाळ्या वाजवणारं नाट्यगृह कायमचं तिच्या मोबाइलमध्ये भरून राहील, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. तिने ‘आजोबा, अकोल्याचं सांगा ना’ म्हटलं, की मी एक क्षण थांबेन, पाणी पिईन. तेवढ्यात शिंपल्यातून मला पहिलं वाक्य दे. कोणतंही दे. पुढचं मी सांभाळतो.